डबीतल्या बांगड्या

मिरजेच्या सतारमेकर गल्लीत दुपारी अडीच ते चार कुणी कुणाशी फारसं बोलत नाही. भांडण वगैरे काही नसतं. त्या वेळी उन्हाची तिरीप दुकानांच्या आतपर्यंत येते, लाकडाचा भुसा तिच्यात तरंगत राहतो आणि तारा जुळवणाऱ्या माणसांना आपापल्या कानांशी एकटं राहायचं असतं. बाहेरचा माणूस या वेळी गल्लीत शिरला, तर आपण झोपेत चालतोय की काय असं त्याला वाटतं.

गल्लीच्या टोकाचं दुकान दस्तगीर सतारमेकरांचं. वय अडुसष्ट. गावासाठी ते दस्तगीरचाचा, म्हणून आपल्यासाठीही चाचाच. त्या दुपारी त्यांनी गळ्यात अडकवलेल्या डबीचं बटण दाबलं, दोन्ही कानांत बोंडं बसवली, डबीच्या वायरीचा चिमटा समोरच्या तानपुऱ्याच्या तबलीला, म्हणजे भोपळ्यावरच्या लाकडी झाकणाला, लावला आणि पहिली तार छेडली. चेहऱ्यावर असं काही पसरलं, की समोरच्या दुकानातल्या माणसानं आदबीनं मान फिरवली.

चाचांचं काम जवारीचं. ते काय असतं हे सांगितल्याशिवाय पुढे जाता येणार नाही. तानपुऱ्याच्या चार तारा भोपळ्यावरच्या एका चपट्या पट्टीवरून जातात. ती घोडी. तिचा माथा सपाट दिसतो, पण नसतो. त्याला डोळ्यांना न कळणारा उतार असतो. छेडलेली तार त्या उतारावर टेकत-सुटत थरथरते आणि एका स्वराच्या पोटातून आणखी दहा स्वर निघतात. तो गुंजारव म्हणजे जवारी. तारेखाली घोडीवर सुताचा एक धागा सरकवला की जवारी उमलते. धागा नसेल तर उत्तम घोडीही मुकी. हा उतार कानशीनं घासून द्यायचा. त्याला मोजपट्टी नाही, नकाशा नाही. कानस एकदा जरी जास्त फिरली की तार पत्र्यासारखी कोरडी वाजते.

चाचा हे काम पन्नास वर्षं करत होते. त्यातली पस्तीस वर्षं त्यांच्या शेजारी पडद्याआड हमीदा, त्यांची बायको, बसायची. चाचांनी दोन हात कानस फिरवायची, तारा जागेवर बसवायच्या, मग हमीदानं पडद्याच्या कडेनं हात पुढे करून छेडायचं. जवारी कच्ची असेल तर ती छेडत राहायची. लागली की तारांवर तळवा ठेवायची, उठायची आणि आत जाऊन चहाचं आधण ठेवायची. तिच्या उजव्या हातातल्या काचेच्या बांगड्या त्या तारांबरोबर किणकिणायच्या. चाचांच्या लेखी तो किणकिणाट जवारीचाच भाग होता.

तीन वर्षांपूर्वी हमीदा गेली आणि त्यानंतर चाचांची जवारी बिघडू लागली. लावलेले तानपुरे परत येऊ लागले. लोक चांगले, तोंडावर बोलत नसत. "चाचा, जरा एकदा बघा की," एवढंच म्हणत. कानाच्या डॉक्टरांनी तपासलं आणि वरचे बारीक आवाज कानातून गेलेत असं सांगितलं. वयानं जातात, कानशीच्या कर्रकर्रीनं तर लवकर जातात. चाचा घरी आले आणि दोन दिवस त्यांनी कानस हातात घेतली नाही.

मग त्यांची मुलगी रुबिना पुण्याहून डबी घेऊन आली. रुबिना ध्वनीची इंजिनियर. ही डबी बनवणाऱ्या कंपनीतच ती डबीचं गणित लिहायच्या कामावर होती. घरात बापलेक दख्खनीत बोलतात, आपण ते मराठीत ऐकू.

"अब्बा, कानात घाला तर खरं."

"म्हाताऱ्याला खेळणं आणलंस व्हय?"

"खेळणंच समजा. आवडलं नाही तर परत नेते."

चाचांनी घातलं, तार छेडली आणि परत न्यायचा विषय तिथंच मिटला.

डबी काड्यापेटीपेक्षा थोडी मोठी, वरच्या बाजूला आवाजाची एक चकती. तशी वस्तू काही अगदी नवीन नव्हती. मायक्रोफोन आवाजाची लाट पकडतो, डबी तिचे आकडे करते, त्या आकड्यांची पुन्हा लाट करते आणि तिला जोर देऊन कानात सोडते. गाण्याच्या शौकिनांच्या खिशात असल्या पेट्या कितीतरी वर्षं होत्या. नवं होतं ते मधलं गणित. निरोगी कान नुसता ऐकत नाही, स्वतःही अगदी बारीक आवाज बाहेर टाकतो. कानातल्या बोंडांत बसवलेला मायक्रोफोन ते आवाज टिपायचा आणि कानातल्या कुठल्या पेशी जिवंत, कुठल्या मेलेल्या, याचा नकाशा डबी तयार करायची. मेलेल्या पेशींचं दार कितीही ठोठावलं तरी उघडत नाही. म्हणून डबी वरच्या स्वरांची सावली खालच्या, जिवंत पेशींवर अशी पाडायची की मेंदू तिला वरचा स्वरच समजायचा.

पण कुठली सावली पाडायची हे डबीला कसं कळणार? तिथं रुबिनाची करामत होती. कानाच्या पडद्यामागे तांदळाच्या दाण्याएवढा स्नायू असतो. नको असलेला आवाज आला की तो आखडतो, मनासारखा आला की सैल पडतो. डबी ते सैल पडणं मोजायची आणि दर वेळी त्याच दिशेनं एक पाऊल पुढे टाकायची. कंपनीत याला समाधानांक म्हणत. महिनाभरात डबी माणसाच्या कानाला पुरती ओळखायची.

वर्षभरात मिरजेत डबी नसलेला गळा शोधावा लागू लागला. मैफलीत मायक्रोफोनवरून आवाज थेट डब्यांमध्ये जायचा आणि प्रत्येक जण आपापलं गाणं ऐकायचा. तबला बेसूर लागला, तंबोरा उतरला, असलं कुणी म्हणेना. मैफल संपल्यावर चौकात उभं राहून अर्धा तास घातलेले वाद बंद झाले. सगळे मंद हसत, डोळे अर्धे मिटून घरी जायचे. चाचांकडेही परत येणारे तानपुरे थांबले. अकरा तानपुऱ्यांना त्यांनी डबी लावून जवारी लावली. अकराही जण खूश झाले.

आणि बांगड्या. त्या पहिल्यांदा ऐकू आल्या तेव्हा शेजारच्या घरात कुणी भांडी घासत असेल असं चाचांना वाटलं. दुसऱ्यांदा त्यांनी पडदा बाजूला सारून पाहिलं. आत कुणी नव्हतं. हमीदाची चटई गुंडाळून कोपऱ्यात उभी होती. तिसऱ्या वेळेपासून त्यांनी पाहणं सोडून दिलं. तार छेडायची, गुंजारव उठायचा आणि त्याच्या मागून, दुसऱ्या खोलीतून यावी तशी किणकिण यायची. माणसाला काही गोष्टी तपासून बघायच्या नसतात. चाचा दुपारभर तारा छेडत बसायचे. कानस बऱ्याचदा बाजूलाच पडलेली असायची.

अशाच एका दुपारी शकुताई हिर्लेकर आल्या. वय शहात्तर. गाण्यात त्यांचं नाव होतं आणि जिभेलाही धार होती. चाचांच्या हातची जवारी त्या चाळीस वर्षं वापरत होत्या आणि गावात डबी न घालणाऱ्या मोजक्या माणसांत त्यांची गणना होती. मागून रिक्षावाला गवसणीतला तानपुरा सांभाळत आला.

"बसा की ताई. चहा सांगतो."

"चहा नंतर. आधी हे बघ."

गवसणी निघाली. तानपुरा शकुताईंच्या गुरूंचा होता. त्याची घोडी सांबरशिंगाची, जुन्या काळातली. आता तसं शिंग मिळत नाही, मिळायलाही नको. चाचांनी घोडीवरून अंगठा फिरवला. घासून घासून घोडी बिस्किटासारखी पातळ झाली होती.

"एकदाच लागेल ताई. त्यानंतर हिच्यात काही राहत नाही."

"माहीत आहे. पुढच्या रविवारी गुरुजींची पुण्यतिथी. त्या दिवशी मी गाणार, आणि मग हा तानपुरा माझ्या शिष्येला देऊन टाकणार. तिच्या सगळ्या आयुष्याला ही एक जवारी पुरायची आहे. म्हणून तुझ्याकडे आले." मग त्यांच्या स्वभावाप्रमाणे सरळ बोलल्या, "खरं सांगू? यावं की नाही, असं वाटत होतं. बुधगावच्या त्या मुलीचा तानपुरा तू लावलास ना गेल्या महिन्यात? मी वाजवून पाहिला. बंद आहे रे. लाकडाची पेटी वाजवावी तसा."

चाचांची कानशिलं तापली. "ती तर नाचत घेऊन गेली, ताई."

"ती डबी घालते, दस्तगीर. तिला कुकरची शिट्टीसुद्धा सुरात ऐकू येते."

शकुताई गेल्या. ऊन सरकत सरकत शकुताईंच्या तानपुऱ्यावर आलं, तसे चाचा उठले. तारा ढिल्या करून घोडी पुसली, पुन्हा तारा चढवल्या आणि डबी लावली. घोडी किती खराब झाली आहे, कुठल्या तारेला किती काढायचं, याचा अंदाज घ्यायचा होता. त्यांनी पंचम छेडला.

आवाज उमलला. कळी उघडून पाकळ्या मागे पडाव्यात तसा, सावकाश, एकेक स्वर. मग जोडाच्या तारा, मग खर्ज. खर्जाच्या तळातून वर उठलेला तो गंधार इतका स्वच्छ होता, की चाचांच्या डोळ्यांत पाणी आलं. त्याच्या मागून बांगड्या आल्या, आज नेहमीपेक्षा जवळून. चाचांनी डोळे मिटले. घोडीला हात लावायचीसुद्धा गरज नाही, असा एक सुखाचा विचार मनात आला. तानपुरा तर लागलेलाच आहे.

मग त्यांनी धागा सारखा करायला बोट पुढे केलं. तारेखाली धागा नव्हता.

घोडी पुसताना चारही धागे त्यांनीच काढले होते. ते समोरच्या वाटीत पडले होते. चाचांनी वाटीकडे पाहिलं, घोडीकडे पाहिलं आणि पुन्हा तार छेडली. जवारी तशीच फुलली. झिजलेल्या घोडीवर, धाग्याशिवाय. पन्नास वर्षांत असं झालं नव्हतं, होणं शक्यच नव्हतं. त्यांनी कानातली बोंडं काढली आणि छेडली. लाकडाच्या पेटीवर बोट आपटावं तसा आवाज झाला. बांगड्या नव्हत्या. गल्लीत कुणाची तरी सायकल गेली.

चाचांनी रुबिनाला फोन लावला. "तू ये," एवढंच म्हणाले.

शनिवारी सकाळी रुबिना आली. चाचांनी धाग्यांची गोष्ट सांगितली. बांगड्यांची सांगणार नव्हते, पण सांगितलीच. रुबिना भिंतीला टेकून बसली. तिनं आपला संगणक डबीला जोडला, आकडे पाहिले आणि पाहता पाहता तिचा चेहरा उतरला.

"तुम्ही जे ऐकायला आसुसलात ते ही देत गेली," ती म्हणाली. "मी तिला तेवढंच शिकवलं होतं. मला वाटलं, कानाला बरं वाटणं म्हणजे नीट ऐकू येणं. तुमच्या कानाचं सैल पडणं आणि अम्मीची आठवण एकाच जागी होती, अब्बा. तिला फरक कळला नाही. मलापण कळला नाही."

"म्हणजे अकरा तानपुरे मी न ऐकताच घासले."

"तुम्ही नाही, मी."

"हात माझे होते." चाचा ओरडले नाहीत, त्यामुळे रुबिनाला जास्त लागलं. "अकराही जणांना काल फोन केला. म्हटलं, आणा, पुन्हा लावून देतो. नऊ जण म्हणाले, नको चाचा, आम्हाला तर झकास ऐकू येतंय." ते हसले, पण हसण्यात अर्थ नव्हता. "उद्या रविवारी ताई गाणार. त्यांना झकास ऐकू येणार नाही."

"हे सगळं पुसून टाकू? नुसता आवाज मोठा करणारी साधी डबी राहील."

"वरचे स्वर येतील त्यात?"

"नाही."

"मग ताईंना सांगतो, माझ्याच्यानं होत नाही." पन्नास वर्षांत त्यांनी हे वाक्य कुणापुढे उच्चारलं नव्हतं. "हमीदा गेली आणि त्याच वर्षी माझे कानही गेले. दोन्ही एकदम न्यायला नको होतं."

रुबिनानं संगणक मिटला.

"अब्बा, तुमचे कान तीन वर्षांपूर्वी गेले नाहीत. डबीतला नकाशा बघितला मी. वरच्या इतक्या पेशी मेलेल्या आहेत, की एवढं तीन वर्षांत होत नाही. किमान पंधरा वर्षं झाली असावीत."

"पंधरा वर्षांपूर्वी माझी जवारी अख्ख्या महाराष्ट्रात जात होती."

"जात होती. मी इथंच अभ्यासाला बसायचे, या पेटीवर, पडद्याच्या या कडेला. मला दोघंही दिसायचे. तुम्ही कानस मारायचात, अम्मी छेडायची. जवारी लागली की अम्मी तळवा तारांवर ठेवायची आणि उठायची."

"माझा चेहरा बघून उठायची ती. मी खूश झालो की तिला कळायचं."

"ती वर बघायचीच नाही, अब्बा. तिची नजर तारांवर असायची. तळवा आधी पडायचा. मग तुम्ही कानस खाली ठेवायचात."

चाचांनी पडद्याकडे पाहिलं. दर वेळी तेच तर झालं होतं. तळवा पडायचा, आतून पातेल्याचा आवाज यायचा आणि त्यांना मनोमन वाटायचं, हां, लागली. पस्तीस वर्षं ते बायकोच्या कानानं ऐकत होते, आणि तिनं कधी एका शब्दानं सांगितलं नव्हतं. सांगायची गरजच तिला वाटली नसावी. किंवा वाटली असेल आणि ती गालातल्या गालात हसत चहा टाकत असेल. हमीदा तशी होती.

"तुला ऐकू येतं?" चाचांनी विचारलं.

"काय?"

"तिला यायचं ते."

या घराण्यात मुलींना कानस शिकवत नसत. तिलाही कुणी शिकवली नव्हती. "लहानपणी कळायचं," ती म्हणाली. "अम्मी उठायच्या आधी मला कळायचं, की आता उठणार."

चाचा उठले, कोपऱ्यातली चटई त्यांनी स्वतः उलगडली आणि आपल्या बैठकीशेजारी अंथरली. पडदा मात्र दोरीवरून काढून ठेवला. मग शकुताईंना निरोप धाडला.

शकुताई आल्या आणि भिंतीशी खुर्चीवर बसल्या. चटईवर रुबिनाला बघून त्यांच्या भुवया वर गेल्या. चाचांनी डबी गळ्यातून काढून खिडकीत ठेवली. तारा बाजूला केल्या, चारही धागे हाताशी ठेवले आणि शिंगाच्या घोडीवर कानस टेकवली. त्यांनी मनात नाव घेतलं आणि पहिला हात फिरवला.

दोन हात कानस. तारा जागेवर, खाली धागे. रुबिनानं छेडलं. चाचांना खाली फक्त एक जाडसर घुमारा ऐकू आला, पाण्याखालून कुणी हाक मारावी तसा. रुबिना छेडत राहिली. म्हणजे कच्ची. तारा बाजूला, पुन्हा दोन हात. शिंगाची पांढरी भुकटी त्यांच्या बोटांवर साचली. पुन्हा छेडणं. पुन्हा. प्रत्येक वेळी घोडीत थोडंसंच उरत होतं आणि प्रत्येक वेळी रुबिनाची बोटं चालूच होती. चाचांनी एकदा तिच्याकडे पाहिलं. ती वर बघत नव्हती. तिची नजर तारांवर होती.

ऊन आत आलं. भुसा तरंगू लागला. चाचांना वाटलं, आपण पूर्वीच्याच कुठल्यातरी दुपारी बसलो आहोत, तीच तिरीप, तोच घुमारा, फक्त त्यातला किणकिणाट कुणी उचलून नेला आहे. त्यांना तो हवा होता. खिडकीत डबीचा हिरवा दिवा लुकलुकत होता. हात लांब केला असता तर किणकिणाट परत मिळाला असता. त्यांनी हात लांब केला नाही. कानस एकदाच, अगदी हलकी, खर्जाच्या तारेखाली फिरवली आणि तार बसवली.

रुबिनानं चारही तारा एकदा छेडल्या. मग दुसऱ्यांदा. चाचांनी सवयीनं पुढच्या हातासाठी कानस उचलली.

रुबिनाचा तळवा तारांवर पडला.

ती उठली. बापाकडे बघितलंही नाही. आत गेली आणि थोड्या वेळानं पातेलं ठेवल्याचा आवाज आला. चाचांची कानस हवेतच होती. ती त्यांनी सावकाश खाली ठेवली.

शकुताई खुर्चीवरून उतरून खाली बसल्या. तानपुरा मांडीवर घेतला, डोळे मिटले आणि छेडला. बराच वेळ छेडत राहिल्या. त्यांच्या गालांवरून पाणी ओघळलं ते त्यांनी पुसलंही नाही.

"दस्तगीर," त्या शेवटी म्हणाल्या, "ही हमीदाच्या वेळची आहे रे."

चाचांनी मान हलवली.

रुबिना चहा घेऊन आली. खिडकीतली डबी उचलून तिनं हळूच विचारलं, "हिचं काय करू? पुसू?"

"नको," चाचा म्हणाले. "कामाला नको ती. नुसतं बसायला राहू दे."

त्यांनी कप घेतला आणि एक घोट प्यायले. मग चटईकडे बोट दाखवून म्हणाले, "ती गुंडाळू नकोस. बुधगावच्या पोरीचा तानपुरा मागवलाय. तुझी गाडी उद्याची असली तरी परवा जा."